ताप गेला, तरी चौदा दिवस गोळ्या कशाला?

प्रश्न इंदूरमधल्याच एका आईचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला एक दिवसाआड थंडी वाजून ताप यायचा. रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस दिलं, ताप उतरला, आता पोरगं गल्लीत क्रिकेट खेळतंय. डॉक्टरांनी प्रायमाक्विन चौदा दिवस द्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, बऱ्या झालेल्या मुलाच्या पोटात एवढं उष्ण औषध कशाला? घरात आठ महिन्यांची मुलगी आहे, तिलाही काही द्यायचं का? आणि शेवटी त्यांनी लिहिलंय: "डॉक्टर म्हणाले, याच्या गोळ्यांनी शेजारच्या मुलांचाही मलेरिया टळेल. ते कसं काय?"

ताई, गोळ्या पूर्ण द्या. जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींतल्या एका द्रव्याची) तपासणी झाली असेल आणि ती ठीक असेल, तर मध्येच थांबवू नका. झाली नसेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा. का, ते पुढे सांगते. मी बालरोगतज्ज्ञ आहे, या कामाला तीस वर्षं झाली, त्यातली पहिली काही वर्षं इथून जवळच्या झाबुआ जिल्ह्यात सरकारी नोकरीत गेली. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, आणि तो काही वेडगळ प्रश्न नाही. ताप गेला, भूक लागतेय, दंगा सुरू झाला, मग औषध चाललंय कुणासाठी?

निम्मं त्याच्यासाठी, निम्मं मोहल्ल्यासाठी.

मलेरियाचा जंतू लाल पेशीत शिरतो, आत वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटतात तेव्हा मुलाला हुडहुडी भरते. व्हायवॅक्सची ही फेरी ४८ तासांची, म्हणून ताप एक दिवसाआड. पण यातले काही जंतू वाढायचं सोडून नर किंवा मादी होऊन बसतात. त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. त्यांच्यामुळे ताप येत नाही, मुलाला त्यांचा काही त्रास नाही. ते नुसते मच्छराची वाट बघत रक्तात फिरतात. (इंदूरला राहून मी डास म्हणायचं कधीच सोडलंय. पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत.) ॲनोफिलिसची मादी त्या मुलाला चावली की तिच्या पोटात या नर-मादींचं मीलन होतं आणि साधारण दहा-बारा दिवसांत ती दुसऱ्या कुणाला मलेरिया द्यायला तयार होते. गारठा असेल तर जास्त दिवस लागतात.

म्हणजे एकाच थेंबात दोन तऱ्हेचे जंतू असतात: एक आजारी पाडणारे, दुसरे आजार पसरवणारे. गंमत अशी की १८८० मध्ये अल्जेरियात लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचा जंतू पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्यांच्या नजरेत भरले ते हे दुसऱ्या तऱ्हेचेच. मलेरियाच्या जंतूंचा मच्छराशी संबंध रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवला. तेव्हापासून औषधाकडून आपल्या दोन अपेक्षा आहेत, ताप उतरवणं आणि फैलाव थांबवणं. घरच्यांना दिसतो तो फक्त ताप.

तुमच्या मुलाला दिलेलं क्लोरोक्विन व्हायवॅक्सच्या दोन्ही रूपांवर चालतं. मग अडतं कुठे? वेळेत. व्हायवॅक्सचे गॅमेटोसाइट पहिल्या तापाबरोबरच, कधी त्याच्याही आधी रक्तात आलेले असतात. आणि आपण काय करतो? पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल. दुसऱ्या दिवशी ताप नाही, म्हणजे मूल बरं झालं, शाळेत पाठवा. तिसऱ्या दिवशी परत थंडी, तर "व्हायरल असेल, सगळीकडे चाललंय". रक्त तपासायची वेळ येते चौथ्या-पाचव्या दिवशी. तोवर घरातल्या मच्छरांनी जे न्यायचं ते नेलेलं असतं. तुमचा दोष काढत नाही, माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी मीही दोन दिवस घालवले होते.

हा पहिला ताप तर आपल्या हातून निसटला. पण व्हायवॅक्सचा आणखी एक डाव असतो. मच्छर चावल्यावर जंतू आधी लिव्हरमध्ये जातात, आणि तिथे त्यातले काही झोपी जातात. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारतं, या झोपलेल्यांना हातही लावत नाही. ते काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी जागे होतात, रक्तात उतरतात, पुन्हा ताप, पुन्हा गॅमेटोसाइट. नवा मच्छर चावायची गरजच नाही. क्लोरोक्विनचा अंश रक्तात बरेच दिवस रेंगाळतो, त्यामुळे महिनाभर काही होत नाही, घरचे निर्धास्त होतात आणि मग एके दिवशी शाळेतून फोन येतो.

या झोपलेल्यांवर आपल्याकडे सर्रास मिळणारं औषध एकच, प्रायमाक्विन. ते काही नवं नाही, १९५२ पासून वापरात आहे. त्यातही आपण बरीच वर्षं चूक केली. मी शिकत होते तेव्हा सरकारी पद्धत पाच दिवस प्रायमाक्विन देण्याची होती. आम्ही झाबुआत इमानेइतबारे पाच दिवस दिलं आणि तीच मुलं पुन्हा तापानं फणफणून आली. आम्हाला वाटायचं, पुन्हा मच्छर चावला असेल. पाच दिवसांनी पुरेसं काम होत नाही हे नंतर स्पष्ट झालं आणि चौदा दिवस ठरले. बाहेर आता दुप्पट मात्रेनं सात दिवस देण्याची पद्धतही जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली आहे, पण ती आपल्या मनानं घरी करायची गोष्ट नाही. तुम्हाला चौदा सांगितलेत, चौदाच.

झाबुआतला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आईबाप पावसाळा संपला की गुजरातेत बांधकामावर जायचे, मुलं बरोबर. तिथे कधीतरी त्याला ताप आला, कुणीतरी क्लोरोक्विन दिलं, उतरला. होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेसाठी सगळे गावी परतले आणि भर हाटात पोरगं थरथरायला लागलं. त्याच्या पाड्यात कित्येक महिने मलेरियाची एकही केस नव्हती. तीन आठवड्यांनी त्याच्या दोन चुलत बहिणी आल्या, मग शेजारचा एक. गुजरातेतून गावात मच्छर आला नव्हता, जंतू त्या मुलाच्या लिव्हरमध्ये बसून एसटीनं आला होता. तिकडे तेव्हाच चौदा दिवस गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर त्या हाटात ताप आलाच नसता आणि त्या बहिणींनाही मलेरिया झाला नसता. तुमच्या डॉक्टरांच्या "शेजारच्या मुलांचा मलेरिया टळेल" याचा अर्थ हा. व्हायवॅक्समध्ये फैलाव थांबवायची खरी संधी या तापात नाही, पुढच्या न आलेल्या तापात आहे.

मलेरियाचा दुसरा प्रकार फॅल्सिपेरम, त्याचं गणित उलटं आहे. तो जास्त धोक्याचा, मेंदूपर्यंत जाणारा. लहान मुलांत काही तासांत परिस्थिती हाताबाहेर जाते. पण त्याचे गॅमेटोसाइट सावकाश पिकतात. त्यांना दहा-बारा दिवस लागतात, बराच काळ ते हाडांच्या मगजात दडून असतात आणि ताप सुरू झाल्यावर आठवडाभरानं रक्तात उतरतात. म्हणजे इथे पहिल्या दोन दिवसांत निदान झालं तर फैलाव होण्याआधीच औषध पोचतं. मला त्या काळात एक जुने लॅब टेक्निशियन काका भेटले होते. रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून म्हणायचे, "मॅडम, अंगठ्या दिसल्या तर मुलाची काळजी करा, चंद्रकोर दिसली तर गावाची." कोवळे जंतू खरोखर खड्याच्या अंगठीसारखे दिसतात, आणि फॅल्सिपेरमचे गॅमेटोसाइट अगदी द्वितीयेच्या चंद्रासारखे.

फॅल्सिपेरमला आपल्याकडे आता क्लोरोक्विन चालत नाही. त्याला न जुमानणारा फॅल्सिपेरम भारतात पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात आढळला. आता बहुतेक राज्यांत आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन यांची तीन दिवसांची जोडी देतात, ईशान्येकडे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन. सरकारी पाकिटं वयाप्रमाणे रंगांची असतात: बाळांना गुलाबी, चार वर्षांपर्यंत पिवळं, आठपर्यंत हिरवं, चौदापर्यंत लाल, मोठ्यांना पांढरं. अंगणवाडीतल्या ताईला मिलिग्रॅम पाठ करावे लागू नयेत म्हणून ही युक्ती, आणि मला ती फार आवडते. आता या जोडीतल्या दोन औषधांचा फैलावावर परिणाम अगदी वेगळा आहे. आर्टेसुनेट कोवळ्या गॅमेटोसाइटना मारतं, पिकलेल्यांवर त्याचा जोर कमी. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन पिकलेल्यांना काहीच करत नाही. ते एकटं दिलं तर नंतर रक्तात चंद्रकोरी वाढलेल्या दिसतात, म्हणजे मूल बरं आणि गाव धोक्यात. म्हणून वर्षाच्या पुढच्या मुलांना उपचाराच्या दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस देतात. तो चंद्रकोरींसाठी. मुलाच्या तापाला त्याचा काही उपयोग नाही, आणि म्हणूनच तो विसरला जातो.

एकदा एका नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. सुट्टीत बडवानीकडे आजोळी जाऊन आली, फॅल्सिपेरम निघाला, लाल पाकीट तीन दिवस घेतलं, ठणठणीत झाली. प्रायमाक्विनचा डोस चिठ्ठीवर लिहायचा राहिला होता. बाराव्या दिवशी वडिलांनी खात्रीसाठी रक्त तपासलं, रिपोर्टवर लाल शाईत "मलेरिया पॉझिटिव्ह". एका दवाखान्यात तिला दाखल करून इंजेक्शनं सुरू झाली. ताप नाही, प्लीहा वाढलेली नाही, मुलगी पलंगावर बसून खिचडी खातेय. मी ती काच मागवून स्वतः पाहिली: एकही अंगठी नाही, नुसत्या चंद्रकोरी. औषध हरलं नव्हतं, तिला हवा होता तो फक्त राहून गेलेला एक डोस. तो मिळाल्यावर एक-दोन दिवसांत मच्छराला त्या चंद्रकोरींचा उपयोग उरत नाही, मग काचेवर त्या आणखी काही दिवस दिसल्या तरी चालतं. कार्डवर रक्ताचा थेंब टाकून करतात ती झटपट तपासणीही फॅल्सिपेरममध्ये बरं झाल्यावर काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. ताप नसलेल्या मुलाची तपासणी पुन्हा पुन्हा करून स्वतःची झोप उडवून घेऊ नका.

मुलं आणि मलेरियाचा फैलाव यावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक आफ्रिकेतलं असतं, आणि ते जसंच्या तसं इथे लावता येत नाही. २०२३ साली जगात मलेरियानं सुमारे ५,९७,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं. सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात पावसाळ्यात दर महिन्याला सगळ्या लहान मुलांना आजारी नसतानाही औषध देतात. त्यानं मुलं वाचतात, यात शंका नाही. पण फैलाव तेवढा कमी होत नाही, कारण तिथला साठा पाच ते पंधरा वयाच्या मुलांत असतो. सारखा मलेरिया होऊन त्यांच्यात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. ताप नाही, म्हणून औषध नाही, आणि मच्छरदाणीत तीच सगळ्यात कमी झोपतात. शिवाय मच्छर लहानग्यांपेक्षा मोठ्या अंगाला जास्त चावतात. सेनेगलनं म्हणूनच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या मोहिमेत घेतलं. आपल्याकडे झाबुआ, मंडलासारख्या जंगलपट्ट्यात ताप नसलेले असे वाहक सापडतात. इंदूर शहरात मात्र ज्याच्या रक्तात जंतू, त्याला बहुधा ताप असतोच. त्यामुळे इथे फैलाव रोखायचा तर तापाच्या मुलाचं रक्त लवकर तपासणं आणि शेवटची गोळी पोटात जाणं, एवढ्यानं बरंच साधतं. लसीचं विचारू नका. पुण्यात बनणारी आर-२१ लस फॅल्सिपेरमची आहे, तुमच्या मुलाच्या व्हायवॅक्सशी तिचा संबंध नाही.

आता गोळ्यांचं. व्हायवॅक्सला प्रायमाक्विन किलोमागे रोज पाव मिलिग्रॅम. तुमच्या मुलाचं वजन २० किलोच्या आसपास असेल तर रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. पट्टीवरचा आकडा चष्मा लावून वाचा, कारण साडेसात आणि पंधराच्याही गोळ्या मिळतात आणि दिसायला सारख्याच. एका घरात दुकानातून अडीचऐवजी साडेसातची पट्टी आली आणि आईनं सांगितल्याप्रमाणे दोन-दोन दिल्या. चौथ्या दिवशी पोट दुखतं म्हणून आले तेव्हा कळलं. क्लोरोक्विनचाही असाच घोटाळा होतो: २५० मिलिग्रॅम लिहिलेल्या गोळीत खरं औषध १५० मिलिग्रॅमच धरतात, आणि डॉक्टरचा हिशेब त्या १५० वर असतो.

रिकाम्या पोटी देऊ नका, पोटात मुरडा येतो. सासूबाई उष्ण म्हणतात ते बहुधा हेच. जेवणानंतर, थोड्या शिऱ्यात किंवा गुळाच्या खड्यात कुस्करून द्या. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही, शेवटी एक दिवस वाढवायचा. आणि दिवस मोजायचं काम सासूबाईंनाच द्या. लोकमान्यनगरातल्या एका आजींनी देव्हाऱ्यापाशी वाटीत चौदा चिंचोके ठेवले होते. नातवाला गोळी दिली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. तो पोरगा शेवटी स्वतःच आठवण करून द्यायला लागला, कारण चिंचोका सरकवायचा मान त्याचा. माझ्या चिठ्ठीपेक्षा त्या वाटीनं जास्त काम केलं.

जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींमधलं एक द्रव्य आहे. ते जन्मतः कमी असेल तर प्रायमाक्विननं पेशी फुटतात. ही कमतरता मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसते, आणि मुलग्यांत ती आईकडून येते. म्हणून मी नेहमी मामाचं विचारते: मुलाच्या मामाला किंवा आईकडच्या आजोबांना कधी औषधानं अचानक कावीळ झाली होती का? मुलाला स्वतःला जन्मल्यावर जास्त कावीळ होऊन निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं का? असं काही असेल तर तपासणी झाल्याशिवाय पुढची गोळी नको. तपासणीत कमतरता निघाली तरी मार्ग आहे, आठवड्यातून एकदा असं आठ आठवडे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. सगळं ठीक असलं तरी पहिले सहा-सात दिवस लघवीचा रंग बघा. मोरीत नाही, पांढऱ्या भांड्यात. बिनदुधाच्या काळ्या चहासारखी दिसली, डोळे पिवळे झाले, मूल एकदम पांढरं पडलं किंवा धापा टाकायला लागलं, तर गोळी बंद आणि त्याच क्षणी दवाखाना, रात्र असो की दिवस.

धाकटीला आत्ता काही देऊ नका. ताप नसलेल्या बाळाला मलेरियाचं औषध नको आणि वर्षाच्या आत प्रायमाक्विन तर नाहीच. मात्र पुढचे तीन-चार आठवडे तिला ताप आला तर "दात येत असतील" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. तिला व्हायवॅक्स निघालाच तर क्लोरोक्विन वजनाप्रमाणे मिळेल, प्रायमाक्विनचं वर्ष पूर्ण झाल्यावर बघता येतं.

मच्छरदाणी आपण बाळाला लावतो. तापाच्या दिवसांत ती आजारी मुलालाही हवी, तिची जास्त गरज त्यालाच. त्याला मच्छर चावला नाही तर पुढे कुणाला काही देण्याचा प्रश्नच नाही. आणि गच्चीवर जाऊन या. आपलं शहर कचऱ्याच्या बाबतीत देशात पहिलं आलं, आनंद आहे, पण शहरातला मलेरियाचा मच्छर, ॲनोफिलिस स्टीफन्साय, घाणीत नाही तर स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून प्रत्येक घरावर टाकी, खाली हौद, आणि निम्म्या टाक्यांची झाकणं वाऱ्यानं उडालेली. झाकण बसवा, घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचा पदर ताणून दोरीनं बांधा. शेजारच्या टाकीकडेही एक नजर टाका, तुमच्या मुलाला चावलेला मच्छर तिथलाच असण्याची शक्यता मोठी.

चौदा दिवस संपल्यावर मुलगा खेळता असेल तर रक्त पुन्हा तपासायची गरज नाही. फक्त त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा: कोणता मलेरिया, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत प्रायमाक्विन, रोज किती. पूर्ण डोस घेऊनही काही मुलांत ताप उलटतो, काहींच्या शरीरात हे औषध नीट कामाला लागत नाही. येत्या वर्षभरात थंडी वाजून ताप आला तर कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ते पान आधी दाखवा.